कार्डावरून कापलेलं भाचीचं नाव

आमच्या घरात लग्न असो की बारसं, पंगत बसली की कुणीतरी हमखास म्हणतं, "मामानं काडीमोडीत घागरी मोजून आणल्या अन् पोरीचं कार्ड घालवून बसला." सगळे हसतात. वाढणाऱ्या बायासुद्धा भाताचं पातेलं कमरेवर धरून हसतात. मीही हसतो, पण आतून जळतो. घालवलं मी, हे खरं. परत कसं आलं ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून एकदा मीच लिहून ठेवतो.

मी हेडी. म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. वडिलांनी जन्मभर दुसऱ्याचा कळप राखला. मी दोन शेळ्यांवर सुरुवात केली आणि तिशीच्या आत सोनपेठच्या बाजारात माझी स्वतःची दावण झाली. सौदा करताना समोरच्याचा भाव माझ्या कानाला टोचतो. एकदा एका गिऱ्हाइकानं बोकडाची किंमत इतकी पाडून मागितली की मी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला होता. चहा मीच पाजत होतो.

धाकट्या बहिणीची सोयरीकही मीच जमवली. मुलगा पूर्णा जंक्शनला रेल्वेत फिटर. क्वार्टर, पास, दवाखान्याचं कार्ड, विमा, सगळं होतं. क्वार्टरला खोल्या किती, नळ आत की बाहेर, हेसुद्धा मी विचारून घेतलं. माणूस बोलतो किती, एवढं विचारायचं राहिलं. दाजी दिवसातून चार वाक्यं बोलायचे आणि माझी बहीण चारशे. दारू नाही, मारझोड नाही, पण सात वर्षांत दोघंही कंटाळून गेले. मधे एक मुलगी झाली होती. तिचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला. रेल्वेच्या दवाखान्यात कार्डावर तिला प्लास्टर घालत, काढत, पुन्हा घालत.

आमच्या समाजात कोर्टात जायची चाल नाही. पंचांसमोर काडी मोडायची, स्टॅम्पपेपरवर लिहायचं, सह्या-अंगठे करायचे आणि चहा पिऊन उठायचं. त्या दिवशी मी यादी घेऊनच गेलो होतो. घागरी, पराती, शिलाई मशीन, पितळी डबे, पिठाची चाळणी. दाजी एकेका वस्तूला मान हलवत गेले. इतक्या सहज मिळायला लागलं की मला चढलं. मी लिहिणाऱ्याला म्हटलं, "आता लिहा, मुलगी आईकडे राहील आणि बापाचा तिच्याशी कसलाही संबंध राहिला नाही."

एक म्हातारे पंच म्हणाले, "एवढं कशापायी रं?"

"पुढं भांडण नको म्हणून. लिहा म्हणतो ना!"

दाजींनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. मला वाटलं, फुकटात मिळालं.

आठ-नऊ महिने गेले. पूर्णेच्या डॉक्टरांनी पोरीला तपासून सांगितलं की आता प्लास्टरचं काम संपलं, एक ऑपरेशन केलं की पाय सरळ होईल. सिकंदराबादच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली, दिवाळीनंतरची तारीखही मिळाली. त्या चिठ्ठीवर शिक्का घ्यायला बहीण ऑफिसात गेली आणि तिथून तडक बाजारात माझ्या दावणीवर आली. सोबत पोरगी, बुटातला वाकडा पाय ओढत.

"दादा, पोरीचं नाव कापलं कार्डावरनं."

"कुणाची हिंमत झाली? कुणी कापलं?"

"तू."

तिनं कागदाची नक्कल माझ्यापुढे धरली. ज्या ओळीवर मी खूश होतो, तिच्याखाली कुणीतरी लाल शाईनं रेघ ओढली होती. बाहेरच्या दवाखान्यात असलं ऑपरेशन करायचं तर माझी अख्खी दावण गेली असती, आणि तारीख महिन्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी निघालो. तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद चालू होते, एसटी डेपोतच उभ्या. परभणीपर्यंत एका ट्रकात बसलो, पुढे रेल्वेनं पूर्णा. ऑफिसात शिरलो आणि आधी ओरडून घेतलं. हेडक्लार्क वयस्क, कपाळावर चष्मा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"ओरडून झालं असेल तर बसा. तुमच्या दाजींनी अर्ज दिला, बायकोचं नाव काढा म्हणून, आणि त्याला काडीमोडीचा कागद जोडला. फारकत झाली की बायको पासातून जाते, कार्डातून जाते. लेकरू जात नाही. ते कुठंही राहो, बापाच्या पगारावर असेल तर त्याला दवाखाना आहे, पास आहे. पण हा कागद तुमचाच ना? 'कसलाही संबंध राहिला नाही.' संबंध नाही तर कार्ड कशाचं द्यायचं?"

"ते रागात लिहिलंय हो."

"आमच्या फॉर्ममध्ये रागाचा रकाना नाही."

ओरडायचं सोडून मी खुर्चीत बसलो. असं फार वेळा होत नाही. मग त्यांनीच आवाज खाली केला. दाजी दुसरं लग्न करून बसले होते आणि नव्या बायकोचं नाव कार्डावर चढत नव्हतं. पहिली खरोखर सुटली, पंचांकडून सोडायची चाल या समाजात आहे, असं पंचांनी आणि मुलीकडच्या माणसानं तहसीलीत शपथेवर लिहून द्यायला हवं होतं.

"म्हणजे दाजींना माझी सही पाहिजे?" मी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"आणि तुम्हाला त्यांची. मुलगी माझ्यावर अवलंबून आहे, तिचा खर्च मी करतो, असं त्यांनी लिहून द्यायचं. शिवाय पंचांनी ती ओळ रद्द केली पाहिजे. दोघं मिळून या. ओरडायचं असेल तर बाहेर ओरडून या."

पुढच्या बाजाराच्या दिवशी दाजी स्वतःच सोनपेठला आले. बहिणीला मी निरोप दिला होता, पण ती यायच्या आत सौदा उरकायचा माझा विचार होता. दाजींना पेंडीच्या पोत्यावर बसवलं. यावेळी चहा पाजला नाही.

"मेव्हणे, सही पायजे," दाजी म्हणाले.

"मला बी पायजे."

"देतो. पर पोरगी महिन्याला भेटली पायजे."

"किती दिवस?"

त्यांनी हात पुढे केला आणि मी सवयीनं खांद्यावरचा टॉवेल त्यावर टाकला. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली हात हातात घ्यायचा आणि बोटं दाबायची, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. मी एक बोट दाबलं. म्हणजे महिन्यातून एक दिवस. दाजींनी माझी चार बोटं पकडली. सात वर्षं सासुरवाडीला येऊन हा माणूस मुका बसायचा आणि माझा धंदा बघून शिकत होता, हे तेव्हा कळलं. मी चिडून पुन्हा एक दाबलं. ते तिनावर आले. मी एक बोट आणि दुसऱ्याचं पेर दाबलं, म्हणजे दीड.

शेजारचा व्यापारी डोकावला. "बोकड हाय का पाठ?" न व्यालेल्या तरण्या शेळीला आम्ही पाठ म्हणतो.

"तू आपली गिऱ्हाइकं बघ!"

दाजींच्या कपाळावर घाम आला होता. मी दोन बोटं दाबली आणि आता मान हलणार, इतक्यात कुणीतरी टॉवेल हिसकावला. बहीण उभी होती. पोरगी तिच्या मागे, आमच्या गुंतलेल्या हातांकडे बघत.

"ती काय पाठ हाय व्हय रे दादा? लाज न्हाई वाटत?"

"अगं, भाव करायलोय—"

"गप." मग ती दाजींकडे वळली. फारकतीनंतर पहिल्यांदाच ती त्यांच्याशी बोलत होती. "तुमी तिचे बाप हायसा. सुट्टी असली की कवा बी या. उन्हाळ्यात घेऊन जावा, येलदरीचं धरण दाखवा. पर आपरेशनला तुमी संग ऱ्हायचं, अन् नाव ह्याच हप्त्यात चढवायचं."

"बरं," दाजी म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं बहुधा चौथं वाक्य.

"अगं, मी दोनावर आणला होता!" मी ओरडलो.

"तुझ्या असल्या भाव पाडण्यापायीच कार्ड गेलं."

पंच पुन्हा जमले. नवा कागद त्या म्हाताऱ्या पंचांनी स्वतः सांगितला आणि मला पारापासून दहा पावलं लांब बसवलं. तहसीलीत मी शपथेवर लिहून दिलं, दाजींनी त्यांचं लिहून दिलं आणि आम्ही तिघं पोरीला घेऊन पूर्णेला गेलो. हेडक्लार्कनी सगळे कागद वाचले, शेवटचा दोनदा, आणि कार्डावर पोरीचं नाव लिहिलं. मी उठायला लागलो.

"बसा. आता फाइल निघालीच आहे तर एक राहिलंय. विम्याला आणि फंडाला वारस म्हणून अजून पहिल्या बायकोचंच नाव आहे. कुणी बदललंच नाही."

माझ्या डोक्यात लगेच हिशोब सुरू झाला. मी टेबलाखाली बहिणीच्या पायावर पाय ठेवला. गप्प राहा, असलेलं असू दे.

"दादा, पाय काढ," ती अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाली. "सायेब, माझं नाव काढा. मी आता यांची कोण लागते? पोरीचं घाला."

दाजींनी जरा विचार केला. "विमा पोरीला. फंड घरच्या मानसाला." म्हणजे नव्या बायकोला.

"चालेल. पण मुलगी लहान आहे," हेडक्लार्क म्हणाले. "काही बरंवाईट झालं तर ती सज्ञान होईपर्यंत रक्कम कुणाच्या हाती द्यायची, तेही लिहावं लागतं. आईचं लिहू?"

तेव्हा दाजी बोलले. इतकं लांब त्यांना बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"आईचं नको. ती लय भोळी, मागंल त्याला देऊन टाकील. मेव्हण्यांचं लिवा. ह्या मानसानं काडीमोडीत माझ्याकडनं पिठाची चाळणी सुदिक सोडली न्हाई. पोरीचं काय सोडतोय?"

मी ताडकन उठलो. भांडायचंच होतं, पण कशावरून भांडायचं ते सापडेना. अपमान म्हणावा तर सही माझी मागत होते. हेडक्लार्कनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बोटानं जागा दाखवली. मी सही केली. माझं अक्षर इतकं वाकडं आलं की त्यांनी पुन्हा करायला लावली.

पोरगी आणि बाप पासावर सिकंदराबादला गेले. बहीण आता पासात बसत नव्हती. तिचं तिकीट मी काढलं, आणि खिडकीवरच्या बाबूशी त्यातही घासाघीस करून पाहिली. दाजींच्या नव्या बायकोनं तिघांपुरत्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. बहीण म्हणते, चटणीत मीठ जास्त होतं. पण डबा रिकामा परत आला.

ऑपरेशन झालं. प्लास्टर सुटल्यावर महिनाभर ती भिंत धरून चालली. मग एका बाजाराच्या दिवशी बहीण तिला घेऊन दावणीवर आली. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाला बोकड देत होतो, सौदा ठरला होता, दोरी हातात द्यायची तेवढी बाकी. पोरीनं मला बघितलं आणि ती पळत सुटली. दोन्ही टाचा जमिनीवर टेकवून, सरळ. बोकड बिचकला, दोरी सुटली, तो पालं उडवत बाजारात घुसला. त्याला आपल्याशी खेळायचंय असं वाटून पोरगी त्याच्या मागे.

गिऱ्हाईक माझ्यावर खेकसलं, "अहो, धरा की! माझा बोकड चाललाय!"

"थांब रे," मी त्याचा दंड धरला. "पळू दे जरा. पळू दे तिला."