बाईंच्या बाकावरचं बिऱ्हाड

आमच्या हिच्या मामांमुळे आजवर कुणाच्या नखालाही इजा झालेली नाही, आणि त्यांच्याबरोबर एकदा काम केलेला माणूस पुन्हा आपणहून त्यांच्या वाटेला गेलेला नाही. ही दोन्ही विधानं मी छातीवर हात ठेवून करू शकतो. मामा दौंडचे. उभा जन्म कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी खात्यात गेला. कंपनीने त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी सेफ्टीला काही निवृत्त केलं नाही. लग्नाच्या मांडवात शिरले की आधी एक बोट ओलं करून वर धरायचे, वारा कुठून येतो ते बघायचे आणि आचाऱ्याच्या सिलिंडरपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची ओढून बसायचे. माझ्या स्वतःच्या लग्नात पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, की या विवाहाला कुणाची हरकत असेल तर त्याने आताच सांगावं. मामा उठून उभे राहिले. सगळं चर्च श्वास रोखून त्यांच्याकडे बघायला लागलं, माझ्या सासऱ्यांनी खांबाचा आधार घेतला. मामा शांतपणे म्हणाले, "त्या फॅनची वायर उघडी हाय. ती आधी बंद करा, मग चालू द्या." त्यांची हरकत वायर बंद होईपर्यंत कायम राहिली आणि मग लग्न लागलं. "जावईबापू," ते मला नंतर म्हणाले, "अपघात कवा सांगून येत न्हाई. म्हणून आपणच त्याला इचारत ऱ्हायचं, येतो का म्हणून."

अशा माणसाच्या हातात दौंडचं चर्च रिकामं करायचं काम आलं. ते चर्च अगदी लहान, रेल्वेलाइनीच्या पलीकडे. एके काळी नाताळला लोक बाहेर पायऱ्यांवर बसायचे म्हणतात. पण मुलं शिकली, पुण्याकडे गेली, मागे म्हातारी माणसं उरली, आणि छताच्या तुळया खाली यायला लागल्या. शेवटी पंचांनी ठरवलं, की आपण गावातल्या मोठ्या चर्चमध्ये सामील व्हायचं आणि इथलं सामान शिरूरला द्यायचं. शिरूरची मंडळी नवी, तरुण. रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेली बरीच. त्यांनी नुकतंच स्वतःचं चर्च बांधलं होतं. मी शिरूरचा, मामा दौंडचे, म्हणून दोन्हीकडची जुळवाजुळव आमच्याकडे आली. जुळवाजुळव म्हणजे मामा सूचना देणार आणि मी उचलणार.

वाहतुकीला आप्पा होते. मामांबरोबर एकाच पाळीत काम केलेले, इनामगावच्या अलीकडे वस्तीवर राहणारे. त्यांच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली, आप्पांनी नोकरी करून ऊस लावला आणि ट्रॅक्टर घेतला. देव कुणाचा का असेना, दोस्ताचं काम म्हणून ते ट्रॉली घेऊन सकाळीच हजर झाले. मामांनी तरुण संघाच्या पोरांना ओळीने उभं केलं, प्रत्येकाला हेल्मेट दिलं आणि बाक कसा उचलावा यावर व्याख्यान सुरू केलं. कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. उचलण्याआधी बाकाचा अंदाज घ्यायचा. व्याख्यान इतकं लांबलं की आप्पांनी तेवढ्यात एकट्याने दोन बाक ट्रॉलीत नेऊन ठेवले. "आरं, हेल्मेट कुठं हाय तुझं?" मामा ओरडले. आप्पा म्हणाले, "बाक माझ्या हातात हाय, डोक्यावर कशाला पडंल?" मामांनी व्याख्यान पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

सगळं निघालं, फक्त एक बाक राहिला. तिसऱ्या रांगेतला, खिडकीजवळचा. त्यावर बाई बसल्या होत्या. बाई म्हणजे मामांच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. आता नव्वदीच्या घरात होत्या, एकट्या राहायच्या, काठी घेऊन चालायच्या. लग्न केलेलं नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षं दर रविवारी त्या त्याच बाकावर बसत आल्या होत्या. मामा समोर उभे राहिले की बाई अजूनही त्यांची नखं बघायच्या, आणि साठी उलटलेले मामा हात पुढे करायचे.

बाई म्हणाल्या, "हा एवढा माझ्या घरी ठेवू दे. ओट्यावर बसेन त्याच्यावर. मी गेले की न्या कुठं न्यायचा तो."

मी मामांकडे बघितलं. मला वाटलं, हो म्हणतील. पण नियमाची गोष्ट आली की मामांचं हृदय लोखंडी टोपीखाली जायचं. "बाई, देवाच्या घरची वस्तू हाय," ते म्हणाले. "आज बाक दिला तर उद्या कुणी घंटा मागंल. पर मी शबुद देतो. शिरूरला बी तिसऱ्याच रांगंत ठेवतो, खिडकीपाशी. सांभाळायची जबाबदारी माझी."

बाई काठी टेकवत उठल्या, बाकाची पाठ हाताने पुसली आणि म्हणाल्या, "बरं. तू म्हणतोस तर."

इनामगावच्या फाट्यावर आम्ही चहाला थांबलो. ट्रॉलीत सगळ्यांत वर व्यासपीठ उभं होतं, दोरांनी सगळीकडून करकचून बांधलेलं. ते बघून चार माणसं जमली. एकाने विचारलं, "कोण उभं ऱ्हायलंय यंदा?" दुसरा म्हणाला, "सभा हितंच हाय का शिरूरला?" मामांना एवढी संधी पुरेशी होती. ते ट्रॉलीत चढले, व्यासपीठामागे उभे राहिले आणि उसाच्या ट्रॉलीवर पोरं बसवू नयेत, मागे लाल कापड बांधावं, या विषयावर बोलले. फार पोटतिडकीने बोलले. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "बोललात चांगलं. पर पक्ष कंचा?" त्या दिवशी मामा जितके खूश होते तितके खूश मी त्यांना नंतर कधी बघितलेले नाहीत.

शिरूरला पोचलो तेव्हा नव्या चर्चचं दार उघडं होतं आणि आत गादीच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या होत्या. मरून रंगाच्या, प्लास्टिकचं वेष्टणही न काढलेल्या. तिथले पाळकसाहेब वयाने लहान, स्वभावाने मऊ. ते ओशाळून म्हणाले, "मामा, कालच आल्या. एका कुटुंबानं वडिलांच्या स्मरणार्थ दिल्या. त्यांना नाही कसं म्हणायचं?" व्यासपीठ आत गेलं, बाप्तिस्म्याचं कुंड आत गेलं. बाक मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तात्पुरते, असं पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांना ते खरंच तसं वाटत असावं. बाईंचा बाक मामांनी सगळ्यांत शेवटी, स्वतः उचलून नेला आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवून ठेवला.

पुढच्या रविवारी मामा बाईंकडे गेले. बाईंचं बाहेर पडणं तोवर जवळजवळ थांबलं होतं. त्यांनी विचारलं, "बाक कुठं ठेवलास?" मामा म्हणाले, "तिसऱ्या रांगंत. खिडकीपाशी." एवढंच बोलून ते थांबले असते तर निभावलं असतं. पण बाई शिक्षिका. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "मग बसतं कोण त्याच्यावर?"

जन्मभर प्रत्येक संकटाची आगाऊ तयारी करणारा माणूस या प्रश्नाला अगदी उघडा सापडला. "एक जोडपं हाय," मामा म्हणाले. "नवं लगीन झालेलं. पोरगा रांजणगावला कामाला जातो. सुनील नाव. बायको रूथ." बाईंना बरं वाटलं. त्यांनी विचारलं, "मूलबाळ?" मामा म्हणाले, "व्हायचंय." आणि तिथून त्यांची सुटका राहिली नाही. दर रविवारी बाई बाकाची खबर घ्यायच्या आणि मामा पुरवायचे. सुनीलची रात्रपाळी असली की तो उपदेशात पेंगतो. रूथ त्याला कोपरानं ढोसते. रूथचं सासूशी पटत नाही, पण आता जरा बरं आहे. बाई उपाय सुचवायच्या, मामा पुढच्या आठवड्यात ते लागू पडल्याचं सांगायचे. एकदा बाईंनी मोबाईलवर फोटो काढून आणायला सांगितलं, तेव्हा मामांनी शिरूरच्या चर्चमध्ये मोबाईलला बंदी घातली.

मी त्यांना म्हणालो, "मामा, हे किती दिवस चालणार?"

"काय करू जावईबापू? बाई वाट बघत असत्यात. मी गेलो की उठून बसत्यात."

यथावकाश रूथला मुलगा झाला. शमुवेल. ज्या रविवारी तो झाला त्या रविवारी बाईंनी मामांना साखर खायला घातली. पुढे त्यांनी लोकर मागवली आणि एक स्वेटर विणला, पिवळा, एक बाही दुसरीपेक्षा लांब. तो मामांच्या हाती शमुवेलसाठी धाडला. मामांनी तो घरी नेऊन कपाटात ठेवला. मामी सांगत होत्या, की त्या दिवशी मामा जेवले नाहीत. रोज पहाटे बाई शमुवेलचं नाव घेऊन प्रार्थना करत होत्या. दात येताना त्रास होऊ नये म्हणून, बापाची नोकरी टिकावी म्हणून. आणि एक दिवस त्या म्हणाल्या, "बाप्तिस्मा कधी आहे? मी येणार. गाडी करू. माझ्या बाकावर त्याला मांडीवर घेऊन बसेन."

मामांचा मला फोन आला. आवाज एकदम कामाचा झाला होता. "एका रविवारापुरता बाक आत घ्यायचा. पाळकसाहेबांशी बोललोय. पोराला सर्दी झालीया म्हणू, ते पुढचं पुढं बघू. आधी बाक." आप्पा आले, मी गेलो, शेड उघडलं. बाक होता तसाच दिसत होता. मामांनी नेहमीप्रमाणे गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि कडेला हात घातला. त्यांचा अंगठा लाकडात आत गेला.

बाकीचे बाक सागवानी, ते बचावले होते. बाईंचा आंब्याच्या लाकडाचा. खालच्या अंगानं वाळवी लागली होती आणि वर नुसतं साल राहिलं होतं. आप्पांनी मागचा पाय हलवला तर तो हातात आला. आप्पांनी तो हळूच खाली ठेवला आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. मामा तिथेच उकिडवे बसले. "भिंतीपासून लांब ठेवला व्हता," ते म्हणाले. "खालचं बघितलंच न्हाई मी." मग म्हणाले, "त्यांच्या ओट्यावर असता तर रोज पुसला असता त्यांनी."

दौंडला ते मला बरोबर घेऊन गेले. "तुम्ही काय बोलू नका, नुसतं बसा," म्हणाले. पिवळा स्वेटर पिशवीत घेतला होता. बाई कॉटवर बसल्या होत्या. मामा खुर्चीवर न बसता जमिनीवर बसले आणि त्यांनी वाळवीचं सगळं सांगितलं. शेडचं सांगितलं, गादीच्या खुर्च्यांचं सांगितलं. बाक आत कधी गेलाच नव्हता, हे सांगितलं.

बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "लाकूडच ते. माझ्याआधी गेलं, एवढंच." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मग ती मंडळी बसतात कुठं? रूथ त्या लहानग्याला घेऊन?"

मामांनी पिशवीतून स्वेटर काढला आणि त्यांच्या पायाशी ठेवला. "न्हाईत, बाई," ते म्हणाले. "कुणीच न्हाई. मी आपलं सांगत गेलो."

बाईंना ते कळायला वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. "बाकाचं जाऊ दे रे," त्या म्हणाल्या. "बाळ नाही म्हणतोस?"

"न्हाई."

"शमुवेल?"

मामांनी मान हलवली. बाई रागावल्या असत्या, छडी उगारली असती तर मामांना सोपं गेलं असतं. त्यांनी स्वेटर उचलला, लांब बाही दुसरीवर धरून बघितली आणि घडी घातली. "हा कुणाला तरी दे," त्या म्हणाल्या. "लोकर चांगली आहे." मग भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. आम्ही दार ओढून घेऊन निघालो.

त्यानंतरही मामा दर रविवारी जात राहिले. बाई बोलायच्या, चहा करून घ्यायला सांगायच्या, पण शिरूरचं काही विचारायच्या नाहीत. मामांनाही सांगण्यासारखं काही नसायचं. तब्येत कशी आहे, बरी आहे, एवढ्यात भेट संपायची. त्या पावसाळ्याच्या अखेरीला बाई झोपेतच गेल्या. अंत्यविधीला गावातल्या मोठ्या चर्चमध्ये मामांना दोन शब्द बोलायला बोलावलं. ते पुढे गेले, उभे राहिले, समोरच्या माणसांकडे बघत राहिले आणि "बाईंनी मला लिहायला शिकवलं," एवढं बोलून खाली उतरले. मामांचं इतकं छोटं भाषण दौंडमध्ये कुणी ऐकलेलं नव्हतं.

हल्ली महिन्यातून एकदा ते शिरूरला उपासनेला येतात. का येतात ते आम्ही विचारत नाही. गादीच्या खुर्चीवर मागच्या रांगेत बसतात. कुणाचं लहान मूल रडायला लागलं की लोक वळून बघतात, मामा जरा जास्त वेळ बघतात. नंतर आमच्याकडे जेवायला येतात. मागच्या खेपेला आमची ही भाकरी वाढत होती. आमच्या शेजाऱ्यांचा नातू उंबऱ्याला धरून आत यायचा प्रयत्न करत होता. मामा घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले आणि सहज, भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं तसं, म्हणाले, "चालायला लागला असता आता."

कोण, असं हिने विचारलं नाही. त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.