डाव्या हाताचा दोर

धुळाजी शेंडग्यांची सुकन्या डावरी. यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. पण आष्टी तालुक्यातल्या ज्या वस्तीवर ती वाढली, तिथे आल्यागेल्याला हे आवर्जून सांगितलं जायचं, आणि तेही तिच्यादेखत. "पोरगी हुशार हाय, पर डावरी हाय." ऐकणारा माणूसही मग 'अरेरे' केल्यासारखी मान हलवायचा.

आई साखराबाईने उपाय करायचे तेवढे केले. जेवायला बसवताना पोरीचा डावा हात फडक्याने कमरेशी बांधला. बिरोबाच्या देवळात भंडारा घ्यायला सुकन्याने एकदा चुकून डावा हात पुढे केला, तर पुजाऱ्याने आपला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. घरी आल्यावर साखराबाईने त्याबद्दल वेगळा प्रसाद दिला. या सगळ्याचा परिणाम म्हणून सुकन्या उजव्या हाताने जेवायला शिकली, लिहायलाही शिकली. अक्षर कोंबडीच्या पायांचं आलं, पण उजव्या हाताचं आलं. दोर मात्र तिला डाव्याच हाताने वळता यायचा.

हा दोर वागरीचा. शेंडग्यांची सव्वाशे मेंढरं. ती रात्री ज्या दोरखंडाच्या जाळीत कोंडायची, तिला वागर म्हणतात. बाजारात नायलॉनची जाळी मिळते, पण धुळाजीचा तिच्यावर राग. कोकराची मान अडकली तर कापून काढते म्हणतो. म्हणून तो अजून अंबाडी भिजवून, सोलून, हातावर दोर वळतो. सुकन्या सहा वर्षांची असल्यापासून त्याच्यासमोर बसून हे शिकली. बापाचा उजवा तळहात पुढे सरकायचा, समोरच्या पोरीचा डावा. त्यामुळे तिच्या दोराला पीळ पडायचा तो बापाच्या दोराच्या उलट्या अंगाने. पण वळायची काय घट्ट! धुळाजी तो दोर बोटांवर फिरवून बघायचा आणि मिशीत हसायचा.

ती दहा वर्षांची असताना त्याने मोठ्या कौतुकाने वागरीच्या वरच्या कडेच्या जाड दोरात तिचा एक पदर घातला. दोन पदर बापाचे, तिसरा लेकीचा. महिना-दीड महिना दोर टिकला. मग एका सकाळी उठून बघतात तर दोर उलगडून लोळत पडलेला, वागर एका अंगाने आडवी, आणि दोन कोकरं लांडग्याने नेलेली. उलट्या पिळाचा दोर त्या वस्तीवर कुणी कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे नेमकं काय बिघडलं हे कुणालाच कळलं नाही. दोष हाताला चिकटला.

धुळाजी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "बाळे, हितनं पुढं दोराला हात लावू नको." आणि साखराबाई म्हणाली, "डाव्या हाताचं कामच तसलं." त्यातलं एक कोकरू पांढऱ्या कानाचं होतं, सुकन्याने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. पुढची अकरा वर्षं तिने दोराला हात लावला नाही.

या अकरा वर्षांत ती बीडला वसतिगृहात राहून बारावी झाली आणि कृषी महाविद्यालयात गेली. तिथल्या दोन मुलींना सहा महिन्यांसाठी जपानच्या एका विद्यापीठात पाठवायचं ठरलं, तेव्हा त्यांतली एक सुकन्या निघाली. बीडच्या एसटी स्टँडवर निरोप देताना साखराबाई रडली, नाक पुसलं आणि म्हणाली, "तिकडं तरी उजव्या हातानं खा. लोकांत आमची लाज काढू नको."

विद्यापीठ होतं शिमाने नावाच्या भागात, समुद्र एका बाजूला आणि डोंगर दुसऱ्या बाजूला. परदेशी मुलांना दर शनिवारी कुठे ना कुठे न्यायचे. पहिल्या शनिवारी गरम पाण्याच्या कुंडावर. सगळ्या बायकांमध्ये उघडं बसायचं म्हटल्यावर सुकन्या दोनदा दारातून परत फिरली. तिसऱ्यांदा डोळे मिटून आत शिरली, आणि मग तासभर बाहेर निघेना. हे घरी कळवायचं नाही एवढं तिने तिथेच ठरवून टाकलं.

पुढच्या शनिवारी कुंचल्याने अक्षरं काढायचा वर्ग होता. सुकन्याला वाटलं, इथे आपल्याला कोण ओळखतंय! तिने मजेत डाव्या हातात कुंचला धरला. शिकवणाऱ्या बाईंनी गोड हसून तो काढून तिच्या उजव्या हातात दिला. त्यानंतर चहाचा समारंभ. तिथे तर पेला उजव्या हाताने उचलायचा, डाव्या तळहातावर ठेवायचा, उजव्यानेच फिरवायचा, आणि सुकन्याने उलटं केलं की तिथल्या आजीबाई तितक्याच गोड हसून पुन्हा पहिल्यापासून. सुकन्याने कपाळाला हात लावला. साखराबाईची एक शाखा इथेही निघाली म्हणायची! तिची जपानी वर्गमैत्रीण मियु हे ऐकून पोट धरून हसली. पण त्या दिवशी खोलीवर आल्यावर सुकन्याने डावा हात उशीखाली घालून दिवा मालवला. हजारो कोस लांब आलो तरी हात तोच, हे तिला लागलं.

डिसेंबरात त्यांना डोंगरातल्या एका लहान गावी नेलं. पस्तीस घरं, त्यांत बहुतेक म्हातारी माणसं. गावाला एक लाकडी देऊळ. त्याच्या दारावर भाताच्या पेंढ्यांचा एक दोर आडवा बांधलेला असतो आणि नवं वर्ष लागायच्या आत तो बदलायचा असतो. मुलांनी गावाच्या सभागृहात बसून घरापुरते वीतभर दोर करून बघायचे, असा बेत होता. देवळाचा खरा दोर करणारे कुनिएदा आजोबा ब्याऐंशी वर्षांचे. त्या वर्षी तीन पदरांतला एक वळून झाला आणि ते पायरीवरून पडले. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं होतं, पण हाताला जोर नव्हता. बाकीचे दोन पदर गावातले चार म्हातारे अडखळत करू बघत होते. वळायचे, उसवायचे, पुन्हा वळायचे.

पेंढ्यांचा ढीग बघूनच सुकन्या दोन पावलं मागे सरली. "मी फोटो काढते, तुम्ही करा," ती मियुला म्हणाली. मियु कसली ऐकते! तिने ओली पेंढी सरळ सुकन्याच्या मांडीवर टाकली.

सुकन्याने उगीच दोन काड्या तळहातांत धरल्या. डावा हात आपोआप पुढे गेला. पेंढ्याचा वास अंबाडीचा नव्हता, पण ओलसर खरखर तीच होती. अकरा वर्षं गेली असं हातांना वाटतच नव्हतं. बाकीच्यांचा वीतभर होईतो तिच्या पुढ्यात दोन हात दोर पडला. तेवढ्यात कुनिएदा आजोबा तिच्यासमोर येऊन थांबले. त्यांनी दोर उचलला, डोळ्यांजवळ नेला, अंगठा फिरवला, आणि मोठ्याने काहीतरी बोलून त्या चारही म्हाताऱ्यांना बोलावलं.

सगळे भोवती जमले. सुकन्या उभी राहिली, डावा हात पाठीमागे लपवला आणि जपानीत म्हणाली, "माफ करा. चुकलं."

आजोबांनी दोन्ही हात जोरजोराने हलवले आणि इतकं भरभर बोलले की तिला कळेना. मियुने सोप्या जपानीत सावकाश सांगितलं. "चुकलं नाही. घरचा, शेतावरचा दोर उजव्या पिळाचा असतो. देवाचा दोर मुद्दाम उलटा, डाव्या पिळाचा वळतात. या सगळ्यांचे हात जन्मभर उजव्या पिळाला सरावलेले, म्हणून आता जमत नाहीये. आजोबा विचारतायत, आम्ही शिकवायच्या आधीच तुला हा कसा येतो?"

सुकन्याने पाठीमागचा हात पुढे आणला. मग ते सगळंच बाहेर आलं. वागर, बापाचे दोन पदर, पांढऱ्या कानाचं कोकरू. "माझा दोर सुटतो," ती शेवटी म्हणाली. "देवाच्या दोराला मी हात लावणार नाही."

आजोबा ऐकत होते. त्यांनी खाली बसून शेतावरच्या दोराचा एक तुकडा घेतला, सुकन्याच्या दोराचा एक तुकडा घेतला, आणि दोन्ही एकमेकांना पीळ देऊन तिच्या हातात दिले. तिने जरा ओढताच दोन्ही उलगडले. मग त्यांनी तिच्याच दोराचे दोन तुकडे एकत्र पिळले. सुकन्याने ओढलं. मियुने आणि तिने मिळून ओढलं. तो सुटला नाही.

"तुझा दोर चांगला होता," आजोबा म्हणाले, आणि हे तिला मियुशिवाय कळलं. "वडिलांचाही चांगला होता. जोडी चुकली."

एवढं साधं! अकरा वर्षं जे ओझं तिने वागवलं, ते एका म्हाताऱ्याने पेंढ्याच्या दोन तुकड्यांत उतरवून ठेवलं. सुकन्या तिथेच सगळ्यांसमोर घळाघळा रडली. त्या चौघा म्हाताऱ्यांना काय करावं कळेना, त्यांतला एकजण घाईघाईने संत्री घेऊन आला.

डोळे पुसल्यावर तिने एकच विचारलं, "देवाचं काम, आणि डाव्या हाताने चालेल?"

"देवाचं आहे म्हणून तर डाव्या हाताने," आजोबा म्हणाले.

मग काय! तिने बाह्या वर केल्या. आजोबा पेंढी पुरवत होते, ती वळत होती. दुपार कलेपर्यंत चौदा हात लांबीचे दोन पदर झाले. एक पदर आजोबांचा, दोन सुकन्याचे. तिन्हींना मिळून एक पीळ दिला, आणि दोघा म्हाताऱ्यांनी दोन्ही टोकांना लोंबकळल्यासारखं करून ओढून बघितलं. दोर जागचा हलला नाही. तो देवळाच्या दारावर चढवला तेव्हा सगळं गाव वर बघत टाळ्या वाजवत होतं, आणि त्या गर्दीत आष्टीची सुकन्या शेंडगे आपला डावा हात उंच करून उभी होती. मियुने तेवढ्यात फोटो काढला म्हणून बरं, नाहीतर पुढे तिचा तिलाच विश्वास बसला नसता.

दुसऱ्या दिवशी तिने बापाला व्हिडिओ कॉल लावला. धुळाजी तेव्हा मेंढरं घेऊन बीडच्या अलीकडे उतरला होता. तिने देवळाच्या दोराचा फोटो दाखवला, सोबत आणलेले तुकडे जोडून दाखवले, ओढून दाखवले.

"आबा, त्यो दोर माझ्या हातानं न्हाई सुटला. दोघांचा पीळ येगळा हुता. जोडी चुकलीती."

पडद्यावर धुळाजीने फोन डोळ्यांजवळ नेला. मागे मेंढरं ओरडत होती. तो म्हणाला, "मंग मी तुला इतकी वर्सं कावून आडवलं गं?" तिने उत्तर द्यायच्या आत रेंज गेली. नंतरच्या फोनवर त्याने दोराचा विषय काढला नाही. त्याला पटलं नसावं असं समजून तिनेही काढला नाही.

मार्चच्या शेवटी सुकन्या परत आली. शेंडग्यांचं बिऱ्हाड तेव्हा पालीजवळ, अर्जुनराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात होतं. खतासाठी त्यांनी मेंढरं बसवून घेतली होती. बीडहून रिक्षा करून सुकन्या थेट तिथे गेली. साखराबाईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, वाळलीस म्हणून ओरडली आणि चहा ठेवला. धुळाजीने घोंगड्याच्या घडीतून एक गुंडाळी काढून लेकीच्या पुढ्यात टाकली.

अंबाडीचा दोर होता. कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच गाठी. शिकाऊ पोराने केल्यासारखा. सुकन्याने त्यावर अंगठा फिरवला आणि तिचा हात थांबला. पीळ उलट्या अंगाचा होता. तिच्यासारखा.

"तीन म्हैने झाले," धुळाजी मान खाली घालून म्हणाला. "मेंढरामागं हिंडता हिंडता डाव्या हातानं वळतुय. लई जड जातंय, पर आता जोडी चुकायची न्हाई."

साठीला आलेला माणूस, चाळीस-पन्नास वर्षांचा सरावलेला हात. तो त्याने लेकीसाठी उलटा फिरवला होता. सुकन्याला रडू फुटणार होतं, पण ती बापाचीच लेक. "आबा, लई ढिला हाय," ती म्हणाली.

"मंग तू आवळ की!" धुळाजी खो खो हसला.

दोघं समोरासमोर बसले. साखराबाईने भिजलेली अंबाडी आणून लेकीच्या उजव्या बाजूला ठेवली. चार पावलं गेली, थांबली, परत आली, आणि ती जुडी उचलून डावीकडे ठेवली. दिवस मावळायच्या आत वागरीच्या वरच्या कडेला नवा दोर लागला. एक पदर बापाचा, दोन लेकीचे.

सकाळी अर्जुनराव रानात आले तेव्हा धुळाजी कोकरं मोजत होता. सगळी होती. अर्जुनरावांनी वागरीचा दोर हातात धरला, दोन हिसके दिले, पाय लावून ओढून बघितला.

"धुळाजी, काय घट्ट वळलाय रं! कुणी केला?"

"पोरीनं," धुळाजी म्हणाला. सुकन्या चुलीपाशी भाकरी मोडत होती, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो म्हणाला, "लई हुशार हाय. आन डावरी बी हाय."