मूळ निकाल वाचलास का?

सिसिलिया मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलपाड्याच्या घरी एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासत होते. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा, क्लेमेंटचा होता. "आमची बाय गेली… झोपेतच," एवढंच तो म्हणाला. फोन ठेवला आणि नजर समोरच्या पानावर गेली. तळटीपेत एका खटल्याचं नाव होतं, पण बाकी काहीच नव्हतं. डोळे भरून आले होते, तरी मी समासात लिहिलं : वर्ष? न्यायालय? परिच्छेद? हे तिन्ही प्रश्न मॅडमचे.

त्या मूळच्या गास गावच्या. घरची केळीची आणि मोगऱ्याची वाडी. त्या घरातली ही मुलगी वकिलीची सनद घेऊनही कोर्टात गेली नाही, आयुष्यभर कायदा शिकवत राहिली. किनाऱ्यावरच्या गावांच्या सामाईक जमिनींवर त्यांनी लिहिलेलं जाडजूड पुस्तक या विषयात पडणाऱ्या प्रत्येकाला वाचावंच लागतं. मीही कोळीवाड्यांतल्या मासळी सुकवण्याच्या जागांवर पीएच.डी. करत होते आणि लिहिलेलं प्रत्येक प्रकरण घेऊन त्यांच्या ओटीवर जात होते. तिथे चहा आधी यायचा आणि मग तळटीपा. खटल्याचा हवाला देताना पक्षकारांची नावं, वर्ष, निकालसंग्रहाचा खंड आणि पान हे सगळं तर हवंच, पण शेवटी परिच्छेद क्रमांकही हवा. "आवृत्ती बदलली की पान बदलतं गं, परिच्छेद जागचा हलत नाही." शिवाय तो निकाल वरच्या कोर्टाने पुढे फिरवला नाही ना, हेही बघायचं. "मेलेल्या निकालाच्या आधाराने भांडू नये," असं म्हणून त्या खळखळून हसायच्या.

एकदा त्यांचं बोट एका तळटीपेवर थांबलं. "अनघा, हा मूळ निकाल वाचलास का?"

"नाही मॅडम, पण तुमच्या पुस्तकात आहे ना."

"मग माझ्या पुस्तकाचा हवाला दे. न वाचलेल्या निकालाचा देऊ नकोस." मग जरा थांबून म्हणाल्या, "नाहीतर असं करू, वाचूनच टाकू."

तो निकाल खूप जुना होता. त्याचा खंड मुंबईच्या एका ग्रंथालयात सापडला, तिथे आम्ही दोघी गेलो. नुसत्या वहिवाटीने वापरलेल्या जागेवर गावाचा हक्क राहत नाही, असं न्यायालयाने ठरवल्याचं मॅडमच्या पुस्तकात छापलं होतं. वाक्य जसंच्या तसं मिळालं. पण त्याच्या अगोदर लिहिलं होतं, 'प्रतिवादीच्या वकिलांचं म्हणणं असं की…'. ते न्यायालयाचं मत नव्हतंच! पुढच्याच परिच्छेदात न्यायमूर्तींनी ते म्हणणं साफ फेटाळलं होतं. मॅडमनी ते पान पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा. "तरुणपणी एका टीकाग्रंथावरून उचललं मी हे," त्या हळूच म्हणाल्या, "मूळ न बघता…" मला वाटलं, आता पुस्तक मिटतील आणि आम्ही घरी जाऊ. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "हे वाक्य माझ्यावरून आणखी कोणी कोणी घेतलंय?"

एक मला ठाऊक होता. प्रबंधासाठी मी अर्नाळ्याच्या बाजूच्या एका कोळीवाड्यात हिराबाय नावाच्या कोळणीकडे जात असे. तिथल्या बायका बोंबील सुकवतात ती जागा एका बांधकाम व्यावसायिकाला हवी होती, आणि त्याच्या वकिलाने आपल्या लेखी म्हणण्यात मॅडमच्या पुस्तकातलं नेमकं तेच वाक्य घातलं होतं. हे ऐकल्यावर मॅडमनी सुनावणीची तारीख विचारून घेतली.

त्या दिवशी सरकारी कार्यालयाचा हॉल कोळणींनी भरला होता. गुडघे दुखत असूनही मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पुस्तकातला हा हवाला चूक आहे. चूक माझी आहे." समोरचे वकील चक्रावले. "मॅडम, पुस्तक तुमचंच आहे ना?" "हो. म्हणूनच मी आलेय." मग त्यांनी निकालाची प्रत काढली आणि परिच्छेद क्रमांक सांगून दोन्ही परिच्छेद वाचून दाखवले. जिच्या नावावर माणसं डोळे मिटून विश्वास ठेवत होती ती बाई भर सभेत स्वतःचंच नाव खोडत होती, आणि आवाज वर्गात शिकवतानासारखा शांत. माझ्या अंगावर काटा आला. आज लिहितानाही येतोय.

बाहेर आल्यावर हिराबायने त्यांचे हात धरले. "बाय, तुजा पुस्तक चुकला, पन तू आली ना सांगाला. कोन येतं?" ती जागा अजून बायकांकडेच आहे. प्रकरण वरच्या कोर्टात गेलंय, पण ते वाक्य आता तिथे कुणी वापरत नाही.

मॅडमचं समाधान तेवढ्याने झालं नाही. ज्या ज्या ग्रंथालयात पुस्तक असल्याचं कळलं तिथे त्या स्वतः गेल्या आणि ग्रंथपालांना विचारून त्या पानावर स्वतःच्या अक्षरातली दुरुस्तीची चिठ्ठी डकवून आल्या. मी एकदा म्हटलं, नव्या आवृत्तीत दुरुस्त होईलच की. "जुनी वाचणाऱ्यांनी काय करायचं मग?" त्यांनी विचारलं.

गासच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी महिन्याची मिस्सा, स्मरणाची प्रार्थना झाली. त्यानंतरच्या आठवड्यात मी कामासाठी एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेले होते. कपाटात ते पुस्तक दिसलं आणि राहवलं नाही, ते पान उघडलं. चिठ्ठी होती. डिंकाने कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण अक्षर ठसठशीत : 'हा हवाला चूक आहे. कृपया मूळ निकाल वाचावा. – लेखिका.' आणि तिच्या खाली, कुणा अनोळखी वाचकाने बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं : 'वाचला.'

मॅडमना हे दाखवायला हवं होतं…