तुळईची झोळी

काल गॅरेजमध्ये रॉकेलचा वास आला आणि मी मनाने थेट कासुर्डी गावात, रजियाभाभींच्या पडवीत पोचले. नव्वदच्या दशकातली दुपार. हादरे मोजायला आम्ही संशोधकांनी तिथे भूकंपमापक यंत्र ठेवलं होतं; त्याचा कागद तेव्हा रॉकेलच्या धुरावर काळा करायचो. सुई त्यावर पांढरी रेघ ओढायची. नुकताच बारीक हादरा बसला होता. तुळईला टांगलेली बाळाची झोळी अजून हलत होती.

मी रेघेवर पट्टी धरली. लाट अरुंद होती, म्हणजे सरकलेला खडक लहान.

“भाभी, तुमच्या वावराएवढाच तुकडा सरकलाय. खडकातला थोडासाच ताण सुटला,” मी खुशीत म्हणाले.

“सुटला त्यो कळला, ताई. आन् आत ऱ्हायला किती?”

“ते या रेघेवरून कळत नाही.”

“मंग कशावरनं कळतं?”

मी बोटांची काजळी ओढणीला पुसत राहिले. भाभींनी तुळईची झोळी सोडली, अंगणातल्या पानं झडलेल्या लिंबाला बांधली आणि बाळावर पदराची सावली धरून स्वतः उन्हात उभ्या राहिल्या.

आता काजळी नाही. सुटलेला ताण संगणक क्षणात सांगतो. तरी प्रत्येक हादऱ्यानंतर मी आकडा वाचते, खुर्चीतून उठते आणि उगाच अंगणात जाऊन उभी राहते.