अक्काच्या हातावर सात मात्रा

माझ्या थोरल्या बहिणीने दोन मोळ मल्लिगे विकत घेतली, म्हणून बंगळूरला प्रोग्रेसिव्ह रॉक आलं.

साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही बसवनगुडीतले, तीन पिढ्यांचे बंगळूरकर मराठी. अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, चिकपेटेत साड्यांचं दुकान. मी कॉलेजात, केस मानेवर आणि इलेक्ट्रिक गिटार गळ्यात. विलायतेहून आलेल्या एका मित्राने मला एक रेकॉर्ड ऐकवली आणि माझं डोकं फिरलं. त्या दिवसापासून घरात जो सापडेल त्याला पकडून मी प्रोग्रेसिव्ह रॉक समजावू लागलो. (दूधवाला मागच्या दाराने यायला लागला तो तेव्हापासून.)

"अण्णा, साधं रॉक चार मात्रांत चालतं. प्रोग्रेसिव्ह सातांत! गाणं वीस मिनिटांचं. मधेच लय बदलते, मधेच चाल बदलते, मधेच सगळं थांबतं. पुढे काय होणार ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये!"

"वाजवणाऱ्याला तरी कळतं का?" अण्णांनी विचारलं.

मल्लेश्वरमच्या एका सभागृहात कॉलेजांच्या बँडांची स्पर्धा होती. अण्णांनी तिथेच माझा निकाल लावायचं ठरवलं. "पहिला नंबर आला तर गिटार राहील. नाही आला तर सोमवारपासून दुकानात गादीवर बसायचं, केस कापून. सरी?"

अण्णांचं 'सरी?', म्हणजे 'ठीक?', हा प्रश्न नसे. मला तर डोळ्यांपुढे साड्यांच्या घड्याच दिसू लागल्या!

आता खरी अडचण होती आमचा ड्रमवाला वेंकी. हा शेजारचा कानडी मुलगा, आमच्याच स्वयंपाकघरात जेवून वाढलेला, त्यामुळे मराठी आमच्यासारखंच बोलायचा. पण त्याचा सगळा अनुभव लग्नाच्या वरातींतला. सात मात्रा वाजवायला घेतल्या की दुसऱ्या फेरीला त्याच्या आठ झालेल्या असत.

"अय्यो दिनू, एक मात्रा कमी कशाला ठेवलीस रे? पुरी करून टाक की!"

"अरे, तीच कमी असते म्हणून ते प्रोग्रेसिव्ह!"

शेवटी मी अक्काला शरण गेलो. ती दहा वर्षं कर्नाटक संगीत शिकत होती. आमच्याकडे कचेरीला, म्हणजे गाण्याच्या बैठकीला, गेलेला माणूस मांडीवर हाताने ताल धरूनच ऐकतो, आणि अक्का तर भाजी निवडतानाही सात मात्रा चुकत नसे. मी योजना आखली. अक्का पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरेल आणि वेंकी तिच्याकडे बघून वाजवेल. बँडातले बाकी दोघे, ऑर्गनवाला आणि बास गिटारवाला, वेंकीकडे बघतील.

"अक्काच्या उजव्या हातावरून नजर हलवायची नाही," मी वेंकीला बजावलं. "तो हात जे करेल, तेच तू करायचं. डोकं वापरायचं नाही!"

(हे वाक्य माझं. कबूल करतो.)

स्पर्धेच्या दिवशी अक्का ठेवणीतली साडी नेसून, गांधीबाजारातून मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा घेऊन आली. एक मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी. हिने चांगला दोन मोळ केसांत माळलेला. आम्ही सुरुवात केली. मी कलावंताच्या थाटात डोळे मिटून घेतले, त्यामुळे पुढचं सगळं मला नंतर वेंकीकडून कळलं.

पाच मिनिटं गाणं झकास चाललं. मग अक्काच्या गालावर डास बसला. तिने गालावर एक चापट मारली, मानेवर दोन. ढाम! ढाम ढाम! बाकी दोघांनी मान डोलावली आणि तेही वेंकीच्या मागून गेले.

एवढ्यात दारात अण्णा आणि आमच्या काकू येऊन उभे राहिले. काकूंना अंधारात खुर्ची दिसेना. अक्काने हात उंच करून हलवला, "काकू, इकडे! इकडे या!" वेंकीने सगळ्या झांजा एकामागून एक बडवल्या. काकूंना ते स्वागतच वाटलं आणि त्या लाजत येऊन बसल्या.

आणि अक्काला दिसलं, काकूंच्या केसांत फूल नाही! आपण दोन मोळ माळून बसायचं आणि शेजारी घरचीच सवाष्ण बोडक्या अंबाड्याने? आमच्या बसवनगुडीत असं चालत नाही. अक्काने गजरा काढला आणि मोजायला घेतला. कोपरापासून बोटांपर्यंत हात सावकाश सरकला, तशी वेंकीने ड्रमवर एक लांबलचक थरथर काढली. अक्काला माप कमी वाटलं. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा थरथर, आणखी लांब!

"स्वल्पच दे गं," काकू म्हणाल्या.

"राहू दे हो, काकू!" म्हणत अक्काने दोरा दातांत धरला. हात थांबला. वेंकी थांबला. ऑर्गन थांबला, बास थांबला. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पण ती आली नसती, कारण मी वाजवतच होतो! डोळे मिटून, एकटा, इमानेइतबारे सात मात्रा.

ड्रम बंद पडल्याने अक्का दचकली. आपण इथे कशाला आलोय ते तिला आठवलं आणि तिने मांडीवर सगळा जोर लावून समेची थाप मारली. तिघेही एकदम वाद्यांवर कोसळले! त्या आवाजात गाणं संपलं आणि सगळं सभागृह उभं राहिलं.

पहिला नंबर! मी स्टेजवरून उडी मारून अण्णांच्या पाया पडलो. "आमचा दिनू!" अण्णा अनोळखी लोकांना सांगत सुटले. इतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही. (हे घरात वाचलं जाणार नाही, अशी आशा आहे.)

परीक्षक, एक वयस्क प्राध्यापक, माझा हात धरून म्हणाले, "लयीचं इतकं धाडस मी इथे कधी ऐकलं नाही. मधली ती दीर्घ थरथर, ती कशातून सुचली?"

"सर, तो माणसाचा अनंताशी संवाद आहे," मी म्हणालो.

"काकूंचा गजरा होता तो," अक्का मागून पुटपुटली.

"फक्त एक सांगतो," प्राध्यापकांनी आवाज खाली आणला. "सगळे इतके मोकळे वाजवत होते आणि तुम्ही मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच ते!"

अण्णांनी शब्द पाळला, गिटार राहिली. दुसऱ्याच दिवशी वेंकी पोरांना घेऊन घरी आला.

"दिनू, म्हैसूरहून बोलावणं आलंय. आम्ही ठरवलं, अक्काला स्टेजवर घ्यायचं."

"वा! आणि मी?"

"तू की नाही," वेंकी प्रेमाने म्हणाला, "पहिल्या रांगेत बस. फक्त हात हलवू नकोस!"