सुलीची पोटदुखी

जीप हलली तशी मी इतकी रडले की ड्रायव्हरनं मान वळवून विचारलं, ताई, लई लांब चालल्या का? ह्यांनी हळूच सांगितलं, हिंगोलीला. अख्खी जीप हसली. त्यातले निम्मे हिंगोलीलाच चालले होते, बाजार करून सांजच्याला परत येणारे. तुम्हा ओळखीच्यांपैकी जे पुण्याला गेले आणि आमचा धाकटा भाऊ, जो थेट दुबईला जाऊन बसला, त्यांनीही पुढं पुष्कळ हसून घेतलं. हसा. पण गाव सुटलं म्हणायला किती लांब जावं लागतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गोरेगावजवळच्या आमच्या वस्तीपासून हिंगोली जीपनं दीड तास. जिल्हा नवा झाला, कचेऱ्या वाढल्या आणि ह्यांना एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली. वस्तीवर सकाळी दार उघडलं की समोर मेंढ्या आणि माळ. इथं दार उघडलं की शेजारणीची भिंत. शेजारीण विचारायची, "खाना हो गया क्या?" मी "हो गया" म्हणायचे आणि तिथं माझं हिंदी संपायचं.

निघताना आई म्हणाली होती, "जीव लागंल हळूहळू. सारखी इकडं पळत येऊ नको." मी आठव्या दिवशी पळत गेले. मग आठवड्यातून दोनदा. मेंढी अडली, आईचा गुडघा धरला, कारणं मला चांगली सुचायची. एकदा तर विळा विसरला म्हणून गेले. हिंगोलीतही विळे विकत मिळतात, हे ह्यांनी मला परत आल्यावर सांगितलं.

सुली, आमची लेक, तेव्हा दुसरीत. सकाळी विचारायची, आई, आज जाणार का? मी म्हणायचे, कुठं न्हाई जात. ती शाळेकडं वळली की मी जीप स्टँडकडं. शाळा सुटायच्या आत परतायचं, पोरीला पत्ता लागत नाही, असा माझा हुशारपणा. एक दिवस परतीची जीप भरलीच नाही. सुली घरी आली तर दाराला कुलूप. दिवेलागणीपर्यंत पायरीवर बसून होती.

त्यानंतर तिचं पोट दुखायला लागलं. रोज, बरोबर शाळेच्या वेळेला. ओवा झाला, हिंग झाला, डॉक्टर झाला. रविवारी मात्र पोट ठणठणीत. तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही.

आणि एक गोष्ट इतकी वर्षं कुणाला बोलले नाही. तिचं पोट दुखलं की मला आतून बरं वाटायचं. हे म्हणायला लागले होते, पोरीला शहर मानवत नाही, शाळेतून नाव काढू, आजीकडं राहू दे. पोरीमागं मलाही जाता आलं असतं. वस्तीजवळची शाळा चौथीपर्यंतच. मी स्वतः चौथीनंतर मेंढ्यांमागं गेलेली, म्हणजे पुढं काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी गप्प राहिले आणि दाखला मागायला शाळेत गेले.

तिच्या वर्गाच्या नसीम बाई. त्यांनी अर्ज वाचला आणि पालथा घालून ठेवला. सुलीला गणित येतं, वाचता येतं, पण मधल्या सुट्टीनंतर ती मनानं वर्गात नसतेच, म्हणाल्या. खिडकीजवळची जागा सोडत नाही. दोनदा रागावून झालं. मग एक दिवस बाई डबा घेऊन तिच्या शेजारीच बसल्या आणि विचारलं, काय बघते गं? सुली म्हणाली, जीपी बघते. कोणत्या जीपमधी आई हाय ते.

"पोटात काय न्हाई तिच्या," बाई म्हणाल्या. "तुमी जाता, त्याची तकलीफ न्हाई. न्हाई जात म्हणता अन् जाता, त्याची हाय. लेकरू तुमच्यावर पहारा देऊन राहिलं, ते शिकंल कवा? जायचं तर सांगून जा, सांगितल्या वेळेला या. एक महिना बघू. मग दाखला मी स्वतः लिहून देते."

त्या दिवसापासून हजेरीच्या आधी बाई प्रत्येक लेकराला विचारायला लागल्या, घरचे आज कुठं हायेत? हेडमास्तर कुरकुरले, यात वेळ जातो. बाई म्हणे, शिकवलेलं पुन्हा शिकवण्यात याहून जास्त जातो.

हे बाजाराला आलेल्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, सांगितलं तर ते हसत सुटले. "अगं, कोकरू चरंना झालं की आपण मेंढीकडं बघतो. इतकी वर्सं मेंढ्या वळल्या, अन् हे तुला मास्तरणीनं शिकवावं लागलं व्हय?"

पुढचे दिवस मी दोन खोल्यांत येरझाऱ्या घातल्या. घासलेली भांडी पुन्हा घासली. मग निरोप आला, माझ्या मेंढीला जुळी कोकरं झाली. सुलीला सांगितलं, जाते, शाळा सुटायच्या आत फाटकावर असते. ती म्हणाली, खरं? मी म्हणाले, खरं.

परत निघाले तर गोरेगावच्या स्टँडवर जीपमध्ये तीन माणसं. भरल्याशिवाय ती हलणार नाही. मी चढत होते, उतरत होते. थोरला भाऊ सोडायला आला होता.

"उद्या जाय की. काहून एवढी तळमळून राहिली?"

"मला घरी जायचंय."

तो बघतच राहिला. "मग आतापस्तोर कुठं होतीस?"

तेवढ्यात हिंगोलीकडं निघालेला कापसाचा टेम्पो आला. मी पदर खोचून वर चढले.

फाटकावर पोचले तेव्हा घंटा व्हायची होती. केसांत कापूस, नाकात कापूस. खिडकीतून सुली दिसली. खिडकीकडं पाठ करून शेजारच्या पोरीला पाटीवर काहीतरी समजावत होती आणि दोघी हसत होत्या. तिनं एकदाही बाहेर बघितलं नाही. मला रडू आलं. ते आनंदाचं होतं, असं मी अजूनही छातीठोकपणे सांगणार नाही.

आता सुली नांदेडला हॉस्टेलवर असते. मी हिंगोलीतच. पाय अजून ठरत नाही. इथं बसले की माळ आठवतो, माळावर बसले की इथली कडी लावली की नाही ते आठवतं. घर कुठलं, असं तुम्ही मला पत्रात विचारता. कुलूप लावताना शेजारीण विचारते, "कब आओगे?" आणि मला वेळ सांगावी लागते, खरी. वस्तीवरून निघताना तसं कुणी विचारत नाही. मी कधी आले तरी चालतं. नाही आले तरी सकाळी मेंढ्या माळावर जातातच.