भात बंद, पिझ्झा चालू

आमच्याकडे माणूस जेवला की नाही, याचा पुरावा एकच: भात. सकाळी तीन भाकऱ्या, दुपारी वडापाव, संध्याकाळी कुणाच्या बारशाचे चार लाडू, एवढं सगळं पोटात गेलं तरी रात्री भात मिळाला नाही तर माणूस सांगणार, "आज काय नाय खाल्लं." आणि ऐकणारा हळहळणार. मी मुरबाडकडची, लग्न होऊन खर्डीच्या बाजूला आले. तिकडेही हीच रीत, त्यामुळे मला यात काही वावगं दिसलं नाही. दिसायला हवं होतं. पण अक्कल ही वस्तू माझ्याकडे नेहमी कापणी झाल्यावर येते.

मी हायवेवरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला जाते. ऐन मे महिन्यात दोन स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे घालणारी गावातली मी एकटी बाई. आत मटार, पराठे, आणि ते पिझ्झा स्नॅक्स: चीज आणि लाल चटणी भरलेले, लिंबाएवढे मैद्याचे गोळे. खोका चेपला की तो माल दुकानात जात नाही, आम्हा बायकांना स्वस्तात मिळतो. म्हणजे शहरातल्या लाडोबांचं खाणं चेपलेल्या खोक्यातून थेट माझ्या फ्रीजमध्ये! काय तो माझा तोरा. शेजारी चुलतसासू शेवग्याचा पाला निवडत बसलेली असायची आणि मी मुद्दाम तिच्यासमोरून खोके घेऊन जायची. पाला खाणाऱ्यांची मला तेव्हा फार कीव यायची.

घरात माणसं चार. नवरा टेम्पोवर, तो आठवड्यातून दोनदा उगवतो. आठवीतली लेक. मी. आणि सासरे, त्यांना मी मामा म्हणते. मामांना साखर आहे हे कळलं ते पायाच्या अंगठ्यामुळे. राब भाजायला, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायला गेले, तिथे अंगठ्याखाली धसकट घुसलं, आणि त्यांना पत्ताच नाही. दोन दिवसांनी लेकीनं ओरडून सांगितलं की आजोबांच्या पायाला घाण वास येतोय.

शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सरळ सांगितलं. साखर खाली आली नाही तर जखम भरणार नाही. जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. मामांचा चेहरा उतरला. भाताच्या आवणीला चिखलात वाकून, मागे मागे सरकत रोपं लावायची, ती अंगठा रोवूनच. अंगठा नसेल तर माणूस बसला चिखलात बुड आपटून. त्यांनी एकच विचारलं, "बाय, आवणीच्या आधी बरा व्हईल ना?"

"भात कमी करा, मग बघू," बाई म्हणाल्या. आणखीही पुष्कळ काही म्हणाल्या. मैदा, बेकरीचं, तळलेलं असं काहीतरी. पण मी भाताशीच थांबले. आपल्याला हवं तेवढंच ऐकायला कान मोठे तयार असतात.

घरी आल्यावर मी कामालाच लागले. वाटीनं मोजून भात. सकाळी अर्धी, रात्री अर्धी. तांदळाचा डबा माझ्या खाटेखाली. मामांनी गावभर केलं, "सून उपाशी ठेवते." म्हटलं, करा बदनामी, अंगठा तर राहील! कामावर बायकांना मी आहारावर व्याख्यानंही देऊ लागले. उणे तापमानात उभी राहून, हातात पिझ्झाचा खोका धरून, मी सांगायची की बायांनो, तब्येत आपल्या हातात असते. होतीच की. खोक्यासकट.

पंधरा दिवसांनी रक्त तपासलं. साखर आणखी वर.

"काय खाता बाबा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय नाय," मामा म्हणाले.

"मॅडम, खरंच काय नाय," मी छातीठोक सांगितलं. "माझ्या हातानं मोजून अर्धी वाटी."

बाईंनी गोळी वाढवली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. जखम काळपट पडलेली. या वेळी त्या मामांशी नाही, माझ्याशी बोलल्या. आठ दिवस बघू, म्हणाल्या, नाहीतर ठाण्याला न्या.

आता चोर शोधायला हवा होता. घरातली साखर बंद, दारूला तर मामा आयुष्यात शिवले नाहीत. मग राहिलं कोण? चुलतसासू! तिच्या चुलीवर रोज सकाळी पेज असते. नक्की हीच लपून वाटीभर पेज देत असणार. गेले तिच्या दारात आणि नको नको ते बोलले. ती पाला निवडायची थांबली नाही. "मी दिली असती तर सांगितलं असतं गो," एवढंच म्हणाली, "तुझ्या सासऱ्याला भात द्यायला मी काय तुला भिते?" आणि दार लावून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, आणि वर घरी येऊन समाधानानं चहा प्यायले.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी कामावर मशीन बंद पडलं आणि आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आले तर ओटीवर वास. चीज वितळल्याचा. आत लेक तव्यावर झाकण ठेवून पिझ्झाचे गोळे परतत होती आणि मामा पाटावर बसून, ताटलीतले मोजून नव्हे, मूठ भरून खात होते. मला बघून दचकले का? छे! लपवाछपवीचं नावच नाही. तोंडभर हसले आणि म्हणाले, "आलीस? ये, खा दोन. पोरगी झ्याक भाजते."

"मामा, हे रोज खाता तुमी?"

"रोज कुठं. ती शाळेतून आली की."

शाळा रोज असते.

"पण तुमी तर सांगता काय नाय खाल्लं!"

"मग? भात कुठं खाल्ला?" त्यांना माझाच राग आला. "हा पोरीचा खाऊ. भात सोडला मी. तुझी ती अर्धी वाटीसुद्धा नाय खात. कोंबड्यांना घालतो. म्हटलं, आवणीच्या आधी अंगठा बरा व्हायला पायजेल."

मी तिथंच खाली बसले. माणूस पथ्य मोडत नव्हता. सांगितलं त्याच्या दुप्पट पाळत होता, आणि पोट रिकामं राहिलं की माझ्याच फ्रीजमधून भरत होता. मला रडू फुटलं. लेकीला वाटलं मी आता ओरडणार, ती बिचारी तवा घेऊन मागच्या दारी पळाली.

मग त्या खोक्याची मागची बाजू मी पहिल्यांदा वाचली. वर्षभर रोज हातात धरलेला खोका! सगळ्यात पहिलं नाव मैद्याचं. मग तेल. मग चीज, स्टार्च, मीठ, आणि हो, साखर. तिखट वस्तूत साखर कशाला, तर असू दे, पाहुणी म्हणून आली असेल. एका माणसानं एका वेळी चार तुकडे खावेत, असं तिथं छापलंय. हे लिहिणारा माणूस मला एकदा भेटायला हवा. चार खाऊन पाचव्याकडे न बघणारा संत आमच्या तालुक्यात तरी नाही.

खोका घेऊनच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तो वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मैद्याची रक्तात भाताइतकीच घाईनं साखर होते, म्हणाल्या. वर तेल आणि मीठ, आणि पोटाला धरून ठेवील असा चोथा जवळजवळ नाहीच. धडधाकट पोरीनं कधीतरी, भाजीभाकरीच्या जोडीला दोन-चार खाल्ले तर आभाळ कोसळत नाही. पण ते जेवणाच्या जागी बसले की घात. "आणि यांच्या ताटात तर नकोच," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा तुमची वाटीभर भाताची, डाळीची, पालेभाजीची पंगत शंभर पटीनं बरी होती."

उशीर झाला होता. ठाण्याला नेलं तेव्हा अंगठा गेला. मामा मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी बोलावं म्हणून मी दोन दिवस त्यांच्या उशाशी बसून होते, तर म्हणाले, "तू भात मोजत होतीस ना गो. भाताचं माप बरोबर होतं तुझं." हे ऐकून मला जे वाटलं, ते शत्रूलाही वाटू नये.

यंदा आवणीला मामा बांधावर पाट टाकून बसले आणि चिखलातल्या आम्हाला शिव्या घालत राहिले. रांग वाकडी, रोप उथळ. चुलतसासू माझ्या शेजारीच लावत होती. तिची माफी मी मागितलीये, आणि तिनं दिलेला शेवग्याचा पाला आता आमच्या घरात रोज शिजतो. तोरा गेला. खोके आणायचे मी बंद केले.

गेल्या महिन्यात मामांना तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाता. मामा खुर्चीत सरळ झाले आणि पोपटासारखे सुरू झाले: नाचणीची दीड भाकरी, पाल्याची भाजी, डाळ, वाटीभर भात, अर्धी काकडी, एस्टी स्टँडवर चहा बिनसाखरेचा, आणि येताना पोरीनं दिलेल्या फुटाण्यांतले सात. साखर उतरली होती. बाई खूश झाल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"तुम्ही फार थकलेल्या दिसता. सकाळपासून काय खाल्लंत?"

रात्रपाळी उरकून मी थेट तिथं आले होते. "काय नाय, मॅडम," मी म्हणाले. अगदी खरं वाटून म्हणाले. मग पहाटे कामावर, उभ्या उभ्या, हातमोजे काढून मायक्रोवेव्हमधून तोंडात टाकलेले ते आठ गोळे आठवले. कालचे आठवले. परवाचेही.

मामा माझ्याकडेच बघत होते. अंगठा गेलेला पाय त्यांनी खुर्चीखाली ओढून घेतला.

"बाय," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आधी हिचं बोट टोचा."

मी हात पुढे केला.